अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशनाचे मास्टर्स : साठ क्रेडिट, शिष्यवृत्तीची अट आणि प्रत्यक्ष काम

मृण्मयी_पुणेकर

नमस्कार. मी पुण्यात एमएसडब्ल्यू केले आणि त्यानंतर काही वर्षे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांच्या एका संरक्षित कार्यशाळेत सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम केले. तिथे पणत्या, पाकिटे आणि फाइली तयार होत, पालकही समाधानी असत. पण त्या कार्यशाळेतून बाहेर पडून कोणी नेहमीच्या नोकरीत स्थिरावल्याचे मी क्वचितच पाहिले, आणि ते घडवून आणण्यासाठी नेमके काय करावे लागते हे आम्हा कर्मचाऱ्यांपैकी कोणाला शिकवलेलेही नव्हते. आता कुटुंबासह न्यू जर्सीत राहते. ग्रीनकार्ड मिळाले आहे, मुले शाळेत जाऊ लागली आहेत, म्हणून पुनर्वसन समुपदेशनात, म्हणजे दिव्यांगांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करण्याच्या विषयात, मास्टर्स करण्याचा विचार आहे.

चौकशी करताना ज्या गोष्टींवर अडले त्या मांडते. राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन (व्यावसायिक पुनर्वसन) खात्यात आता बॅचलर्स पदवीवरही समुपदेशक घेतात असे ऐकले. मग साठ क्रेडिटची पदवी कशासाठी घ्यायची? केंद्र सरकारच्या पैशातून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला सेवेची अट असते, ती कितपत जाचक आहे? सीआरसी (सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन कौन्सेलर) हे प्रमाणपत्र आणि राज्याचा समुपदेशक परवाना या दोन्हींच्या मागे लागावे का? आणि पुढे कधी महाराष्ट्रात परतायचे ठरले, तर या शिक्षणाला तिकडे काही अर्थ उरेल का? या क्षेत्रात शिकलेल्या किंवा काम केलेल्या मंडळींनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

ओहायोकर

मृण्मयीताई, मी राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन खात्यात, म्हणजे इथे ज्याला सगळे व्हीआर म्हणतात तिथे, समुपदेशक आहे आणि मास्टर्स केलेला आहे, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार हे धरूनच वाचावे.

तुम्ही ऐकले ते खरे आहे. केंद्राच्या पुनर्वसन कायद्यातील १९९२ च्या दुरुस्तीनंतर राज्यांनी समुपदेशकांची पात्रता वाढवत मास्टर्सपर्यंत न्यावी असा केंद्राचा आग्रह होता. २०१४ च्या वायोआ या मनुष्यबळ व रोजगारविषयक कायद्याने तो सैल केला, आणि संबंधित विषयातील बॅचलर्स पदवी व किमान एक वर्षाचा अनुभव असलेल्यांनाही घेण्याची मुभा राज्यांना दिली. जागा रिकाम्या राहत होत्या, वेतन कमी होते, निवृत्त होणाऱ्यांच्या जागी माणसे मिळत नव्हती. त्यावर उतारा म्हणून पात्रता खाली आणली गेली. मला हा उपाय पटत नाही, पण केवळ नोकरी लागण्यासाठी मास्टर्स सगळीकडे अनिवार्य राहिलेले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

मास्टर्सचा उपयोग खरा कळतो तो पहिल्या काही मुलाखतींत. समजा, मणक्याला दुखापत झालेला चाळिशीचा ट्रकचालक समोर बसला आहे. त्याची पात्रता अर्जापासून ६० दिवसांत ठरवायची, त्यानंतर ९० दिवसांत त्याच्याबरोबर बसून रोजगाराची वैयक्तिक योजना तयार करायची आणि तिच्यावर सही करायची, ही समुपदेशकाची जबाबदारी. त्यासाठी दुखापत मणक्याच्या कोणत्या पातळीवर झाली आहे आणि त्यामुळे हाताची पकड किती उरते हे वैद्यकीय अहवालातून वाचता आले पाहिजे. ट्रक चालवताना त्याने जी कौशल्ये कमावली, म्हणजे मार्ग आखणे, मालाची कागदपत्रे सांभाळणे, वाहनाचे नियम जाणणे, ती डिस्पॅचरच्या, म्हणजे कार्यालयात बसून गाड्यांच्या फेऱ्या ठरवणाऱ्याच्या, कामात कशी वापरता येतील हे मांडता आले पाहिजे. त्या कामाला आपल्या जिल्ह्यात मागणी आहे का, टेबल किती उंचीचे लागेल, मालकाने कोणते बदल करून देणे एडीए या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वाजवी ठरेल, हेही पाहावे लागते. हे करत असताना तो माणूस अजून रात्री झोपत नाही, बायकोशी बोलत नाही, हेही ऐकू यायला हवे. यातला एकेक भाग वेगवेगळ्या व्यावसायिकाला येतो. सगळे एकत्र धरून निर्णय घ्यायला शिकवणारा अभ्यासक्रम मला तरी हा एकच माहीत आहे.

याखेरीज सरकारी भत्त्यांचे गणित असते, जे अनेक अभ्यासक्रमांत एखाद्या व्याख्यानात उरकले जाते आणि प्रत्यक्षात रोज लागते. नोकरी धरली तर मुलाचे मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, जाईल या धास्तीने पालक मुलाखतीलाच पाठवत नाहीत. एसएसआय (कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मिळणारा भत्ता) मिळणाऱ्याच्या कमाईतले पहिले काही डॉलर सोडून उरलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे भत्ता साधारण एक डॉलरने कमी होतो, म्हणजे काम करून हातात येणारी एकूण रक्कम वाढतेच. आणि एसएसडीआयमध्ये, म्हणजे पूर्वी नोकरी करून वर्गणी भरलेल्यांच्या दिव्यांगत्व भत्त्यात, ६० महिन्यांच्या अवधीत ९ महिने कमाई कितीही झाली तरी पूर्ण भत्ता चालू ठेवून काम करून पाहता येते. हे पालकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कागदावर आकडे मांडून समजावता आले पाहिजे.

तुमच्या कार्यशाळेच्या अनुभवाबद्दल एक सांगतो. इथेही १९३८ च्या कामगार कायद्यातील कलम १४(सी)नुसार किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर दिव्यांगांकडून काम करून घेण्याची परवानगी मिळत आली आहे. परंतु जुलै २०१६ पासून २४ वर्षे वा त्याहून कमी वयाच्या तरुणाला, खुल्या नोकरीसाठी व्हीआरची सेवा आणि समुपदेशन मिळाल्याखेरीज अशा कामावर ठेवता येत नाही, आणि आधीपासून तिथे असलेल्यांनाही ठरावीक काळाने हे समुपदेशन द्यावेच लागते. अशा कार्यशाळेत जाऊन बोलण्याची वेळ येते तेव्हा ती आतून पाहिलेली व्यक्ती मोलाची ठरते.

शिष्यवृत्तीबद्दल. रिहॅबिलिटेशन सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या अनुदानातून विद्यापीठे ती देतात, आणि ती नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळते, म्हणजे तुम्ही आता पात्र आहात. पूर्णवेळ शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे राज्याच्या व्हीआर खात्यात किंवा त्याच्याशी संबंधित संस्थेत काम करावे लागते. दोन वर्षे घेतली तर चार वर्षे. ती पूर्ण करण्यासाठी त्यावर आणखी दोन वर्षांची सवड असते. अट मोडली तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. ज्याला हेच काम करायचे आहे त्याला ही अट जाचक वाटू नये. मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे हे अनुदान नसते, आणि असले तरी त्याची मुदत संपत आलेली असू शकते, म्हणून प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

सुलभा_मिडवेस्ट

मी अशा एका अभ्यासक्रमात शिकवते. ओहायोकरांनी मास्टर्सची बाजू मांडली आहे. मी मास्टर्सच्या आत काय बदलत चालले आहे ते सांगते, कारण निवड करताना त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

या शिक्षणाचा पाया १९५४ च्या कायद्याने घातला. मेरी स्विट्झर तेव्हा केंद्राच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन कार्यालयाच्या प्रमुख होत्या. राज्यांना निधी वाढवून दिला तरी तो वापरणारी प्रशिक्षित माणसेच नाहीत हे ओळखून विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी अनुदाने देण्याची तरतूद त्या कायद्यात झाली. म्हणजे मुळात हा अभ्यासक्रम नोकरी मिळवून देण्याच्या कामासाठी जन्माला आला. पुढे १९७० च्या दशकात त्याला कोअर ही स्वतंत्र मान्यता देणारी संस्था मिळाली, आणि सीआरसी प्रमाणपत्रही त्याच दशकात सुरू झाले. जुलै २०१७ मध्ये कोअर ही संस्था केकरेप या सर्वसाधारण समुपदेशन शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेत विलीन झाली, आणि पूर्वी ४८ क्रेडिटची असलेली आमची पदवी ६० क्रेडिटची झाली.

यातून आमच्या विद्यार्थ्यांना राज्याचा समुपदेशक परवाना मिळवणे सोपे झाले, हा खरा लाभ आहे. विमा कंपन्या आणि रुग्णालये परवाना विचारतात, सीआरसी फारसे कोणी विचारत नाही. पण वाढलेली क्रेडिट बहुतांशी मानसिक आरोग्याच्या निदान-उपचाराकडे गेली. व्यावसायिक मूल्यमापन, कामाचे विश्लेषण, नियोक्त्याशी बोलणी हे विषय कुठे एका सत्रात एकत्र बांधले गेले, कुठे ऐच्छिक झाले. विद्यार्थी परवाना घेऊन खासगी मानसोपचाराकडे वळतात, आणि व्हीआरमधल्या जागा पुन्हा रिकाम्या. क्षेत्राने मान मिळवताना आपले वेगळेपण थोडे गहाण टाकले असे माझे मत आहे; माझे सहकारी याच्याशी सहमत नाहीत, आणि परवान्याविना आमचे विद्यार्थी कायम कमी पगारावर राहिले असते हा त्यांचा युक्तिवादही वजनदार आहे. कामगार आकडेवारी ब्युरोनुसार २०२३ मध्ये पुनर्वसन समुपदेशकांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ४४,००० डॉलर होते. साठ क्रेडिटचे कर्ज काढून या वेतनावर येणे सोपे नाही, म्हणूनच शिष्यवृत्तीचा प्रश्न तुम्ही आधी सोडवावा हे योग्य.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील विषयांच्या नावांपेक्षा क्षेत्रकामाकडे पाहा. केकरेपच्या नियमानुसार प्रॅक्टिकम, म्हणजे पहिल्या टप्प्याचे क्षेत्रकाम, १०० तासांचे असते, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबत. त्यानंतर इंटर्नशिप ६०० तासांची, त्यात किमान २४० तास प्रत्यक्ष सेवेचे. दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक पर्यवेक्षण आणि दीड तास गटपर्यवेक्षण बंधनकारक आहे. आकडे सगळीकडे सारखेच असतात, फरक पडतो तो जागेचा. एखाद्या विद्यार्थ्याचे २४० तास केवळ व्यसनमुक्ती केंद्रातील गटसत्रांत जातात. दुसऱ्याला व्हीआर कार्यालयात पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली पात्रतेपासून नोकरीला लागेपर्यंतच्या काही केसेस सलग हाताळायला मिळतात. पदवी दोघांची एकच. म्हणून प्रवेशसमितीला विचारा की गेल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांना कुठे पाठवले, तिथले पर्यवेक्षक सीआरसीधारक होते का, आणि विद्यार्थ्याला नियोक्त्याच्या दारात उभे राहण्याची संधी मिळाली का. मुले लहान असताना सहाशे तास दिवसा कार्यालयीन वेळेत द्यावे लागतात, हे ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिरातीत ठळकपणे सांगितलेले नसते.

परवाना आणि सीआरसी यांपैकी एक निवडण्याची गरज नाही. सीआरसीची परीक्षा शिक्षण पूर्ण होता होताच देऊन टाका. त्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी १०० तासांच्या निरंतर शिक्षणावर होते. परवान्याला पदवीनंतर पर्यवेक्षित कामाचे बरेच तास लागतात आणि ते प्रत्येक राज्यात निराळे असतात. तुमच्या न्यू जर्सीत तर पुनर्वसन समुपदेशकाचा स्वतंत्र परवानाही आहे, जो फार थोड्या राज्यांत आहे. पुण्याच्या एमएसडब्ल्यूमुळे क्रेडिट माफ होतील अशी आशा मात्र फार ठेवू नका.

पांढरी_काठी

मी समुपदेशक नाही, व्हीआरच्या सेवा घेतलेला अंध संगणक अभियंता आहे, आणि टेबलाच्या या बाजूनेही कोणी लिहायला हवे म्हणून लिहितो.

एका राज्यात माझ्या पहिल्या समुपदेशकाने अर्धा तासही न बोलता मला कॉल सेंटरचे काम सुचवले. सॉफ्टवेअर शिकायचे आहे असे म्हटल्यावर, आपल्या उद्दिष्टाबाबत वास्तववादी राहावे, असे उत्तर मिळाले. राज्य बदलल्यावर भेटलेल्या समुपदेशक बाईंनी आधी विचारले की कोणते काम पाहून हे करावेसे वाटले, मग दोन कंपन्यांतील अंध अभियंत्यांशी बोलणे करून दिले, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, कोड लिहिण्याचे प्रशिक्षण आणि शिक्षणाचा काही खर्च योजनेत घातला. दोघांनाही केंद्राचा तोच पुनर्वसन कायदा लागू होता. त्या कायद्यात माहितीपूर्ण निवडीचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. उद्दिष्ट, सेवा आणि सेवा देणारी संस्था यांची निवड व्यक्तीने करायची असते. एकाने तो वाचला होता परीक्षेपुरता.

पहिल्या गृहस्थांकडे मास्टर्स होते, त्यामुळे पदवीने सगळे सुधारते असे मी म्हणणार नाही. दिव्यांग प्राध्यापक ज्या विभागात आहेत, आणि ज्यांच्या वर्गात दिव्यांग विद्यार्थी बरोबरीने बसतात, तिथे अपेक्षा आपोआप वर जातात असा माझा अनुभव आहे. विभाग निवडताना हेही पाहा. आणि क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅमबद्दल शिकवतात का तेही विचारा. समुपदेशकाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला मदत करणारी ही यंत्रणा प्रत्येक राज्यात आहे, आणि चांगला समुपदेशक तिची माहिती पहिल्याच भेटीत स्वतःहून देतो.

जाता जाता : न्यू जर्सीत अंधांसाठी वेगळा आयोग आहे. इंटर्नशिप मिळाली तर तिथे अवश्य करा, कारण सर्वसाधारण कार्यालयात ब्रेल, काठी आणि चालण्याफिरण्याचे प्रशिक्षण यांच्याशी समुपदेशकाचा फारसा संबंध येत नाही.

माटुंगा_रोड

महाराष्ट्रात परतण्याच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. मुंबईत पुनर्वसन मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो.

भारतात १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, या व्यावसायिकांची नोंदणी करते. कायद्यात जे सोळा वर्ग आहेत त्यांत ‘पुनर्वसन समुपदेशक अथवा प्रशासक’ हा एक वर्ग आहे, ‘व्यावसायिक समुपदेशक, रोजगार अधिकारी व प्लेसमेंट अधिकारी’ हा दुसरा, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ तिसरा आणि पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ता चौथा. तुमच्याकडे जे काम एकच माणूस करतो ते इथे कागदावर चौघांत वाटलेले आहे. कागदावर म्हणण्याचे कारण असे की प्रशिक्षण संस्थांचा सगळा भर विशेष शिक्षक आणि वाक्-श्रवण तज्ज्ञ घडवण्यावर आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात मनुष्यबळ घडवते, टाटा समाजविज्ञान संस्थेने दिव्यांगत्व अभ्यासात समाजकार्याची मास्टर्स पदवी चालवली आहे, एसएनडीटीत विशेष शिक्षणाचा विभाग आहे. रोजगाराच्या बाजूला श्रम मंत्रालयाचे जुने व्यावसायिक पुनर्वसन केंद्र शीवला आहे, ज्याला आता दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणतात. क्षमतांचे मूल्यमापन करून नोकरीपर्यंत पोचवणे हेच त्याचे काम. मात्र मूल्यमापन, योजना, नियोक्ता आणि नोकरीनंतरचा पाठपुरावा ही साखळी एकाच विद्यार्थ्याकडून पर्यवेक्षणाखाली करून घेणारा, तुमच्या सहाशे तासांसारखा पदव्युत्तर अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही. ते ज्याचे त्याने संस्थांत काम करता करता जुळवायचे.

गरज मात्र वाढते आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के केले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार यांचाही त्यात वाटा आहे. या उमेदवारांना नियुक्तिपत्र मिळाल्यानंतर कार्यालयात काय बदल करायचे हे सांगणारा माणूस खात्याकडे नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीसुविधा हा हक्काचा भाग असल्याचे ठामपणे मांडले. ती सोय प्रत्येक व्यक्तीगणिक शोधून काढणे हे पुनर्वसन समुपदेशकाचेच काम आहे.

अडचण नोंदणीची. नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी पदवी आपोआप मान्य होत नाही. त्यामुळे परतण्याचा खरोखर विचार असेल तर आतापासून प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, क्षेत्रकामाच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद आणि पर्यवेक्षकांची पत्रे जपून ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या समावेशन विभागांत किंवा स्वयंसेवी संस्थांच्या प्रशिक्षण विभागात, जिथे पदाचे नाव वेगळे असते, तिथे मात्र तुमच्या अनुभवाला लगेच मागणी येईल. पगाराची तुलना डॉलरशी करू नये एवढेच.

मृण्मयी_पुणेकर

सर्वांचे मनापासून आभार. रोजगारावर भर असलेला, व्हीआर कार्यालयात इंटर्नशिप देणारा अभ्यासक्रम शोधायचा आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा असे ठरवते आहे. ओहायोकर, एकच शंका उरली : शिष्यवृत्ती अर्धवेळ शिक्षणाला मिळते का, आणि सेवेची अट न्यू जर्सीतच पूर्ण करावी लागते का? यजमानांची बदली होण्याची शक्यता आहे.

ओहायोकर

सेवा कोणत्याही राज्यात चालते, ज्या राज्यात शिकलात त्याच राज्यात करावी लागत नाही. अर्धवेळ विद्यार्थ्यांना द्यायची की नाही हे त्या त्या विद्यापीठाच्या अनुदानावर अवलंबून असते, आणि तशी दिल्यास सेवेची वर्षे त्या प्रमाणात मोजली जातात. नोकरी स्वीकारण्यापूर्वी ती संस्था अटीत बसते की नाही हे विद्यापीठाच्या प्रकल्प संचालकांकडून लेखी घ्या. विशेषतः खासगी सेवासंस्थेची नोकरी असेल तर तिचा व्हीआरशी करार आहे का हे पाहावे लागते. फेडरल व्हेटरन्स खात्यातील पुनर्वसन समुपदेशकाची नोकरी चांगल्या वेतनाची असते, पण तिथे सर्वसाधारणपणे नागरिकत्व लागते, म्हणून ग्रीनकार्डवर असताना तिच्या भरवशावर बेत आखू नका. येत्या शरद सत्रासाठी अर्ज करणार असाल तर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच द्यावा लागतो का हे आजच विचारा, कारण अनेक ठिकाणी त्याची अंतिम तारीख प्रवेशाच्या तारखेच्या आधीची असते.